सपाट छतावरचा कर्ब: स्कायलाइट आणि यंत्रांखालचा उंबरा कसा बांधायचा

सपाट छत खरं तर सपाट नसतं. पाणी निघून जावं म्हणून त्याला मीटरमागे दहा ते वीस मिलिमीटर ढाळ दिलेला असतो, आणि पाऊस पडतोय तोवर त्या ढाळावरून पाण्याचा पातळ थर सावकाश सरकत असतो. अशा छताला भोक पाडून स्कायलाइट किंवा एक्झॉस्ट पंखा बसवला, की पाण्याच्या वाटेत एक सांधा येतो: एका बाजूला छताचं वॉटरप्रूफिंग, दुसऱ्या बाजूला काच किंवा पत्रा. हा सांधा पाण्याच्या पातळीत ठेवून कितीही सीलंट भरलं तरी तो कधी ना कधी उघडतो. म्हणून भोकाभोवती उंबरा बांधून सांधाच वर उचलायचा. साइटवर याला कोणी कर्ब म्हणतं, कोणी उंबरा, कोणी नुसता ओटा. या लेखात भोकाभोवतीच्या पोकळ चौकटीला कर्ब म्हटलं आहे आणि यंत्राखालच्या भरीव आधाराला ओटा.

कामाआधी आपल्याला यातलं नेमकं काय हवंय ते ठरवा. स्कायलाइट, छतावर चढायचं झाकण, एक्झॉस्ट पंखा, खाली डक्ट जाणारं एसी युनिट यांना चारही बाजूंनी बंद कर्ब लागतो. एसीचं आउटडोअर युनिट, पंप, छोटा जनरेटर यांना भोकाची गरजच नसते. त्यांना दोन समांतर ओटे पुरतात. सोलर पॅनलची किंवा मोठ्या कूलिंग युनिटची लोखंडी फ्रेम असेल तर सुटे खांब, म्हणजे पेडेस्टल. जिथे भोक टाळता येतं तिथे टाळा. आउटडोअर युनिटचा पाइप भिंतीतून नेता येत असताना स्लॅब फोडणारे कमी नाहीत.

उंची: हिशोब कुठून धरायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मिस्त्रीला "आठ इंचाचा कर्ब" सांगितलं जातं, तो स्लॅबवरून आठ इंच मोजतो आणि बिनचूक बांधतो. मग त्यावर कोबा (ढाळासाठी दिलेला काँक्रीटचा थर) पडतो, कुठे इन्सुलेशनही येतं, आणि आठातले तीन इंच हातात उरतात.

उंची मोजायची ती तयार पृष्ठभागापासून. तीही कर्बाच्या चढाच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे, कारण त्या बाजूला पृष्ठभाग सगळ्यात वर असतो. किमान १५० मिमी हा आकडा ब्रिटिश मानकात आहे. अमेरिकेतल्या छत-ठेकेदारांच्या संघटनेची शिफारस ८ इंचांची, म्हणजे २०० मिमीची आहे. तिथल्या इमारत संहितेत स्कायलाइटच्या कर्बाला ४ इंच चालतात, पण ती कायद्याची खालची रेषा झाली. जोराच्या पावसात छतावर आपटून उडणारे थेंबच तेवढ्या उंचीवर सहज पोचतात. नवीन काम असेल तर २०० धरा.

एक उदाहरण घेऊ. पाणी जाण्याच्या तोंडापाशी कोबा ७५ मिमी जाड आहे, ढाळ १:१०० आहे आणि कर्बाची चढाची बाजू तोंडापासून सहा मीटरवर आहे. सहा मीटरमध्ये पृष्ठभाग ६० मिमी चढतो, म्हणजे कर्बापाशी कोबा १३५ मिमी. कर्बाच्या मागे पाणी वळवायला छोटा उंचवटा करायचाय (त्याचं खाली येतंच आहे), त्याचे २५ मिमी. वर उघडा राहायला हवा २०० मिमी. बेरीज ३६०. म्हणजे "आठ इंची" कर्ब स्लॅबपासून चौदा इंचांच्या वर गेला. हाच आकडा नकाशावर लिहा आणि मिस्त्रीच्या हातात द्या. पुढे कधी जुन्या वॉटरप्रूफिंगवर नवा थर चढणार असेल, तर आणखी ५० मिमी आत्ताच वाढवून ठेवलेलं स्वस्त पडतं.

वरची कड मात्र पाणसळीत हवी. छताला ढाळ असला तरी कर्बाचा माथा लेव्हलमध्येच, नाहीतर चौकट पिळली जाते आणि काचेला एका कोपऱ्यात ताण येतो. अपवाद सपाट काचेच्या स्कायलाइटचा. काच अगदी लेव्हलमध्ये असेल तर तिच्यावर पाणी आणि धूळ थांबते, म्हणून साधारण पाच अंशांचा ढाळ लागतो. एक मीटरला हा जवळपास ८७ मिमी होतो. बऱ्याच चौकटींमध्ये हा ढाळ कारखान्यातूनच दिलेला असतो. आधी ते विचारा, मगच माथा तिरका करा. घुमटाच्या आकाराच्या पॉलिकार्बोनेटला याची गरज नाही.

जागा

दोन कर्बांमध्ये, किंवा कर्ब आणि पॅरापेट भिंतीमध्ये, निदान ३०० मिमी मोकळी जागा सोडा. ६०० मिळाली तर उत्तम. त्यापेक्षा अरुंद बोळात वॉटरप्रूफिंगची शीट, म्हणजे मेम्ब्रेन, लावणाऱ्याचा हात नीट फिरत नाही, मेम्ब्रेन तापवायचा गॅसचा टॉर्च तिरका धरावा लागतो आणि पुढे त्या बोळात पाला साचतो. पाणी जाण्याच्या तोंडासमोर किंवा दोन ढाळ मिळतात त्या खोलगट रेषेवर कर्ब नको. छताचे कोपरे आणि कडाही टाळा, कारण वाऱ्याची वर ओढ तिथे सगळ्यात जास्त असते.

कर्बाची ढाळाला आडवी बाजू साधारण ६०० मिमीपेक्षा रुंद असेल, तर वरून येणारं पाणी तिथे धरणासारखं अडतं. म्हणून चढाच्या बाजूला त्रिकोणी उंचवटा काढतात: पाया कर्बाला टेकलेला आणि टोक चढाकडे. पाणी त्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. टोक कर्बाच्या रुंदीइतकं तरी लांब न्या. १.१ मीटर रुंद कर्ब असेल तर उंचवटाही १.१ मीटर लांब, आणि कर्बाला टेकतो तिथे मध्यभागी २५ मिमी उंच. आखूड आणि पसरट उंचवटा दिसायला नीटस असतो. पण त्याच्या कडेची रेषा जवळपास आडवी होते आणि पाणी त्याच रेषेत थांबतं.

भोक पाडण्याआधी

स्लॅबमध्ये भोक म्हणजे सळया तोडणं. कोणत्या सळया, किती, आणि कापलेल्यांच्या बदली ताकद कुठून येणार, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. नवीन स्लॅब असेल तर काम सोपं आहे: सेंट्रिंगवरच साचा ठोकायचा, अडवलेल्या सळयांच्या क्षेत्रफळाइतक्या जादा सळया भोकाच्या दोन्ही बाजूंना द्यायच्या, आणि चारही कोपऱ्यांना तिरक्या सळया टाकायच्या, कारण तडा कोपऱ्यातूनच निघतो. जुना स्लॅब असेल तर आधी सळया शोधायच्या यंत्राने खुणा करून घ्या. पोस्ट-टेन्शन केलेला, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला, स्लॅब असण्याची शक्यता असेल तर इंजिनिअरशिवाय साधं ड्रिलही नको. ताणलेली केबल तुटली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि भोक पडल्या क्षणापासून ते झाका. प्लायचा तुकडा नुसता ठेवून चालत नाही, तो कोणीतरी उचलतं आणि दोन्ही हातांत धरून पुढे पाऊल टाकतं. स्क्रूने घट्ट बसवा आणि वर ठळक अक्षरात "खाली भोक आहे" लिहा.

काँक्रीटचा कर्ब, पायरीपायरीने

उदाहरणासाठी आतून ९०० × ९०० मिमीचं भोक, १०० मिमी जाड भिंती आणि वर काढलेली ३६० मिमी उंची धरू. बाहेरचं माप ११०० × ११०० होतं. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी ४ मीटर.

सामान असं लागेल. काँक्रीट ४ × ०.१ × ०.३६ म्हणजे ०.१४४ घनमीटर. १:१.५:३ प्रमाणाला, थोडी नासाडी धरून, ५० किलोच्या सव्वा गोणी सिमेंट, साधारण ६० लिटर वाळू आणि १२० लिटर बारीक खडी. खडी १० ते १२ मिमीचीच घ्या. चार इंची भिंतीत सळईच्या बाजूने २० मिमीची खडी अडकते आणि खाली पोकळी राहते. आठ मिमी सळई १७ मीटर, सुमारे ७ किलो: २०० मिमी अंतरावर २० उभ्या सळया, प्रत्येकी ४१० मिमी, आणि सांध्यासकट ४.४ मीटरच्या दोन आडव्या रिंगा.

१. नवीन स्लॅबमध्ये उभ्या सळया स्लॅब भरण्याआधीच बांधा आणि स्लॅबबरोबरच कर्बाचा तळचा ७५ ते १०० मिमीचा भाग (स्टार्टर) ओता. त्यामुळे जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा स्लॅबच्या पातळीवर राहत नाही. हे फुकट मिळणारं संरक्षण आहे आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

२. जुन्या स्लॅबवर आधी कर्बाच्या जागेचा आणि भोवतीचा निदान ३०० मिमी पट्ट्यातला कोबा व जुनं वॉटरप्रूफिंग स्लॅबपर्यंत काढा. कोब्यावर उभारलेला कर्ब कोब्याबरोबर हलतो, आणि कोब्यात आधीच मुरलेलं पाणी त्याच्या खालून आत येतं. कर्बाच्या जागेवर टाचे मारून खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग खरबरीत करा.

३. ८ मिमी सळईसाठी १२ मिमी बिटने ८० मिमी खोल भोकं पाडा. स्लॅब किती जाड आहे ते आधी मोजा, नाहीतर खालच्या खोलीच्या छतात वीस भोकं दिसतील. प्रत्येक भोकात हवा मारा, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा. हे कंटाळवाणं आहे, पण सळई जखडणारं केमिकल धुळीला चिकटलं तर ते सळईसकट हाताने उपटून निघतं. केमिकलची नळी तळापर्यंत घालून भोक दोन-तृतीयांश भरा आणि सळई फिरवत आत ढकला. थोडं केमिकल काठावर बाहेर आलं पाहिजे. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत सळईला धक्का नको.

४. साचा लावा. आतला आणि बाहेरचा साचा दोन्ही गुण्यात (काटकोनात) आहेत का ते कर्ण मोजून पाहा. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको, कारण तयार चौकट त्यावर बसायची आहे. माथ्याच्या बाहेरच्या कडेला साच्यात बारीक तिरकी पट्टी लावली तर कड बोथट येते आणि पुढे मेम्ब्रेन तिथे कापलं जात नाही. उभ्या कोपऱ्यांनाही तेच करा.

५. ओतण्याआधी स्लॅब ओला करा, सिमेंटचा घोळ लावा आणि तो वाळायच्या आत काँक्रीट भरा. अर्ध्या उंचीला एकदा आणि माथ्याला एकदा सळईने कोचा. चारही भिंती एकाच दिवशी, मध्ये सांधा न ठेवता.

६. दुसऱ्या दिवशी बाजूचे साचे काढा, पोकळ्या असतील तर लगेच पॉलिमर मसाल्याने भरा, आणि सात दिवस पाणी मारा. ओलं पोतं गुंडाळून ठेवलेलं बरं. उभ्या पातळ भिंतीवर शिंपडलेलं पाणी अर्ध्या तासात उडून जातं.

विटांचा कर्ब? लहान झाकणाला, गिलावा करून, चालून जातो. यंत्राला किंवा जोराच्या वाऱ्याच्या ठिकाणी नको. वीट पाणी पिते, आणि चौकटीचा स्क्रू तिच्यात धरत नाही.

वाटा आणि मेम्ब्रेन

पाणी मारून (क्युरिंग) झालं म्हणून काँक्रीट वाळलं असं नाही. साधारण दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवा आणि सोळा तासांनी उचला. खाली घाम किंवा काळपट ओल दिसली तर थांबा. ओल्या काँक्रीटवर चिकटवलेल्या मेम्ब्रेनखाली उन्हात वाफ होते आणि फोड येतात.

कर्ब आणि छत जिथे मिळतात त्या काटकोनात १:३ मसाल्याचा वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारी तिरकी पट्टी, मारा, ५० × ५० मिमी. डांबरी मेम्ब्रेन काटकोनात वळत नाही. वळवलं तर मागे पोकळी राहते, आणि एखाद्याचा पाय त्यावर पडला की ते फाटतं. आपल्या कर्बाला वाट्यासाठी जेमतेम साडेपाच लिटर मसाला लागतो, तरी तो वाचवायचा मोह होतो. पीव्हीसी, टीपीओ किंवा ईपीडीएमच्या एकपदरी शीटला वाटा लागत नाही, त्या सरळ वळतात. पण तिथे तळाशी शीट पट्टीने किंवा स्क्रूने जखडावी लागते, नाहीतर ती आकसून कोपऱ्यात तंबूसारखी ताणली जाते.

पुढचं वर्णन टॉर्चने लावायच्या एपीपी (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराच्या) मेम्ब्रेनचं. प्राइमर मारा आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. छताचं मुख्य मेम्ब्रेन कर्बापर्यंत आणून वाट्यावर चढवा आणि वाट्याच्या थोडं वर संपवा. कर्बाच्या भिंतीसाठी वेगळी पट्टी घ्यायची. एकच लांब शीट छतावरून भिंतीवर चढवली तर उष्णतेने ती सरकते आणि नेमकी वळणावर ताणली जाते.

पट्टीची रुंदी: छतावर १५०, वाट्यावर ७०, उभ्या भिंतीवर १५०, माथ्यावर ७५. एकूण ४४५, म्हणजे एक मीटर रुंद रोल उभा अर्धा कापला की बरोबर पुरतो. एका बाजूचा तुकडा १.३ मीटर लांब, दोन्ही टोकांना १०० मिमी कोपऱ्यावर वळवायला. चार तुकड्यांना २.६ चौरस मीटर लागतं, दोन थर घेतले तर दुप्पट.

तुकडे लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उताराच्या बाजूचा, मग दोन्ही कडांचे, आणि चढाच्या बाजूचा शेवटी. त्यामुळे प्रत्येक सांध्यात वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी सांध्यावरून घसरून जातं. उलट क्रमाने लावलं तर पाणी थेट पदराच्या तोंडात शिरतं. सांध्याच्या कडेला ५ ते १० मिमी वितळलेल्या डांबराची सलग रेघ बाहेर दिसली पाहिजे. रेघ तुटलेली असेल तिथे थापी तापवून कड पुन्हा दाबा.

कोपरा कसा गळतो हे बघायचं असेल तर पुठ्ठ्याचा खोका जमिनीवर ठेवा. वर्तमानपत्राची पट्टी त्याच्या एका बाजूला लावा, अर्धी उभी, अर्धी जमिनीवर. आता ती कोपऱ्यावरून वळवायला जा. उभा भाग निमूट वळतो, जमिनीवरचा भाग अडतो, आणि वळवायचाच तर त्याला तळापर्यंत काप द्यावा लागतो. काप दिला की तो भाग पंख्यासारखा उघडतो आणि कोपऱ्याच्या अगदी पायाशी टाचणीच्या टोकाएवढी उघडी जागा राहते. प्रत्येक कर्बाला असे चार कोपरे असतात आणि पाणी तिथेच थांबलेलं असतं. म्हणून पट्ट्यांच्या आधी प्रत्येक कोपऱ्याच्या पायाशी २०० × २०० मिमीचा तुकडा लावायचा आणि पट्ट्या झाल्यावर वरून आणखी एक, काप वेगळ्या जागी येईल असा. तुकड्यांची टोकं कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. एकपदरी शीटसाठी साच्यात तयार केलेले कोपरे मिळतात, ते घ्या. हातकौशल्य दाखवायची ही जागा नव्हे.

टॉर्चची काळजी: भोकातून ज्वाला खाली जाते, लाकडी पट्टी किंवा फोमचं इन्सुलेशन आतल्या आत धुमसत राहतं. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावरही तास-दोन तास जागा सोडू नका. लाकडाला लागून असेल तिथे स्वतः चिकटणारं मेम्ब्रेन किंवा ब्रशने लावायचं कोटिंग बरं.

कोटिंग, म्हणजे द्रव पॉलियुरेथेन, कर्बावर सोयीचं पडतं कारण कोपऱ्याचा प्रश्नच उरत नाही. पण वळणावर आणि कोपऱ्यांत पहिल्या हातात (थरात) फायबरची जाळी बुडवावीच लागते, आणि उभ्या भिंतीवर ते ओघळून पातळ होतं. दोन हातांऐवजी तीन धरा. एक जोडी कधीच जमवू नका: डांबर आणि पीव्हीसी. डांबराच्या संगतीत पीव्हीसी कडक होऊन तडकतं.

मेम्ब्रेन माथ्यावर वळवता आलं तर ते चौकटीखाली दबतं आणि विषय संपतो. माथ्यापर्यंत जात नसेल तर वरच्या कडेला २५ × ३ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी, दर २०० ते २५० मिमीला स्क्रू, आणि वर सीलंटची तिरकी धार. सीलंट एकटं कधीच पुरत नाही. त्यावरून पत्र्याची पाळ खाली यायला हवी.

चाचणी, चौकट बसवण्याआधी

पाणी जायची तोंडं बंद करून कर्बाभोवती ५० मिमी पाणी साठवा, २४ ते ४८ तास. दर चौरस मीटरला ५० किलो भार येतो, तो स्लॅब पेलेल याची खात्री आधी करा. पण यात फक्त खालचे ५० मिमी तपासले जातात. वरच्यासाठी नळी घ्या आणि खालून वर जा: आधी वाट्यावर दहा मिनिटं, मग भिंतीवर, शेवटी माथ्याजवळ. एक माणूस खाली उभा. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि पाणी कोणत्या उंचीवर शिरलं ते कळत नाही.

स्कायलाइट बसवताना

माथ्यावर बंद छिद्रांच्या फोमची पट्टी, साधारण ६ मिमी, चारही बाजूंना सलग. तिचा सांधा कोपऱ्यावर आणू नका, बाजूच्या मध्यावर तिरका कापून जोडा. चौकट डब्याच्या झाकणासारखी कर्बावर उतरली पाहिजे आणि तिची पाळ बाहेरून ५० मिमी तरी खाली यायला हवी. स्क्रू या पाळीतून, बाजूने, दर ३०० मिमीला, रबरी वॉशरसह. माथ्यातून खाली मारलेला प्रत्येक स्क्रू पाण्याला आत यायची वाट करून देतो.

चौकटीच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. काचेच्या आतल्या बाजूला जमलेला घाम त्यातून बाहेर जातो. कोणीतरी उत्साही माणूस ती सिलिकॉनने बुजवतो, आणि पहिल्या थंडीत स्कायलाइट "गळायला" लागतं. सिलिकॉनही व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते काँक्रीटवर आणि जीआय पत्र्यावर टिकत नाही. न्यूट्रल घ्या.

खाली जाळी किंवा वर कठडा ठेवा. प्लास्टिकचं घुमट जुनं झालं की ठिसूळ होतं, आणि छतावर काम करणाऱ्याला ते पाय ठेवण्याजोगं वाटतं.

पत्र्याचा तयार कर्ब

पंख्यांसाठी आणि पत्र्याच्या डेकवर हाच वापरतात. निदान १.२ मिमी जाड जीआय, कोपरे वेल्ड केलेले, खाली ७५ ते १०० मिमीचा पाय. डेकच्या पत्र्यावर नुसता ठेवू नका. खाली अँगलची चौकट दोन तुळयांना जोडून घ्या. थंडीत किंवा वातानुकूलित इमारतीत उघड्या पत्र्याच्या आत घाम धरतो, त्यामुळे २५ मिमी तरी इन्सुलेशन हवं.

मापाची एक हमखास चूक आहे. पंख्याच्या तळाचं आतलं माप घेऊन तेवढाच कर्ब बनवतात. वर मेम्ब्रेनचे दोन थर चढतात, एका बाजूला ८ मिमी, कोपऱ्यात तुकड्यांमुळे जास्त. मग झाकण बसत नाही, आणि बसवणारा ब्लेडने मेम्ब्रेन तासतो. कर्ब बाहेरून पंख्याच्या तळापेक्षा ३५ ते ४० मिमी लहान ठेवा. पंखा जड आहे म्हणून स्क्रू टाळू नका. वारा असे पंखे झाकणासारखे उचलतो.

यंत्रांचे ओटे

समांतर ओटे ढाळाच्या दिशेने ठेवा, म्हणजे पाणी त्यांच्यामधून निघून जातं. आडवे ठेवले तर दोन बांध तयार होतात. अंतर यंत्राच्या पायांच्या छिद्रांवरून ठरवा, अंदाजाने नाही. अँकर बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर वरून ड्रिल मारलं की केलेलं सगळं वाया. माथ्यावर पत्र्याची टोपी, बाजूला थोडी उतरती. यंत्र आणि ओटा यांत २५ मिमी रबराचा पॅड, आणि बोल्टलाही रबरी बुश; नुसता पॅड टाकून बोल्ट कचकचून आवळला तर थरथर बोल्टमधून खाली जाते आणि झोपायच्या खोलीत ऐकू येते.

लोखंडी फ्रेमवर ठेवलेल्या यंत्राखाली पुढे कधीतरी छताची दुरुस्ती करावी लागणार. त्यासाठी मोकळी उंची यंत्राच्या रुंदीवर ठरते: ६०० मिमीपर्यंत रुंद असेल तर ३५० मिमी, ९०० पर्यंत ४५०, १२०० पर्यंत ६००, १५०० पर्यंत ७५०, त्यापुढे १२००. माणूस तिथे आडवा होऊन हात फिरवू शकला पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशोब. जड वस्तू, उदाहरणार्थ भरल्यावर टनभर होणारी हजार लिटरची टाकी, तुळईवर किंवा खांबावर घ्या, स्लॅबच्या मधोमध नाही.

छोट्या यंत्रांसाठी सुटे काँक्रीटचे ठोकळे वापरता येतात. ते मेम्ब्रेनवर थेट टेकवू नका. खाली मेम्ब्रेनचा जादा तुकडा किंवा रबर, ठोकळ्यापेक्षा चारही बाजूंनी ५० मिमी मोठं. पाइप आणि केबल कर्बाच्या शेजारून वेगळं भोक पाडून नेण्यापेक्षा कर्बाच्या आतून वर आणा आणि बाहेर पडताना तोंड खाली वळवा.

नंतर ओल दिसली तर

डाग कर्बाच्या खालीच दिसेल असं नाही. पाणी मेम्ब्रेनखालून ढाळाच्या दिशेने सरकून मिळेल त्या भेगेतून उतरतं. शोध डागापासून चढाकडे घ्या. पावसानंतर काही तासांत ओल वाढत असेल तर गळती आहे. पाऊस नसताना, थंड पहाटे, स्कायलाइटच्या चौकटीवरून थेंब पडत असतील तर तो घाम आहे. तिथे सीलंट न भरता छिद्रं मोकळी करा आणि खोलीत हवा खेळती ठेवा. ओल दोन्ही वेळा दिसत असेल तर आधी छिद्रं साफ करा, आठवडाभर बघा, मगच नळी घेऊन वर जा.

पावसाआधी आणि पावसानंतर एकदा चढाच्या बाजूचा पाला काढा. तिथेच वाट्यावर बोट फिरवून बघा: मेम्ब्रेन टणक लागलं तर ठीक, दबलं आणि करकरलं तर मागे पोकळी आहे, तेवढा भाग कापून पुन्हा लावायचा.